नेपाळच्या मंडळीत जाण्याआधी

नेपाळमध्ये ख्रिस्ती मंडळ्यांची मुख्य उपासना शनिवारी होते. तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारची. रविवारी शाळा, कचेऱ्या, बाजार सगळे नेहमीसारखे सुरू असते. २५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराच्या सुमारास मोठा भूकंप झाला, तो शनिवार होता. शाळा बंद होत्या म्हणून असंख्य मुले वाचली; पण त्याच वेळी गावोगावच्या चर्चमध्ये उपासना चालू होती, आणि कित्येक मंडळ्यांवर भिंती आणि छपरे कोसळली. त्या भूकंपात एकूण सुमारे नऊ हजार माणसे गेली. नेपाळी विश्वासणाऱ्यांच्या आठवणीत तो दिवस उपासनेचा दिवस म्हणूनच राहिला आहे.

हे अगदी सुरुवातीला सांगते, कारण आपल्याकडून निघणाऱ्या गटांच्या कार्यक्रमपत्रिका मी पाहिल्या आहेत. त्यांत रविवारची सकाळ उपासनेसाठी राखलेली असते आणि शनिवार प्रवासाला किंवा बाजाराला दिलेला असतो. नुसत्या वाराची ही गोष्ट, पण तिच्यावरून एवढे कळते की पत्रिका आखताना तिथल्या एकाही माणसाला विचारलेले नव्हते.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमधून दहा-पंधरा दिवसांसाठी नेपाळला जाणाऱ्या तरुण संघांसाठी हे पुस्तक लिहिले आहे. परदेशी सेवेला जायचे असे एखाद्या मंडळीने ठरवले की बहुधा पहिले नाव नेपाळचे निघते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, गोरखपूरपर्यंत रेल्वे आहे, पुढे सोनौलीची सीमा पायी ओलांडता येते, लिपी आपलीच आहे आणि खर्च झेपतो. वाट एवढी सोपी असल्यामुळेच तयारी कमी होते. दूरच्या देशात जायचे असते तेव्हा व्हिसाच्या आणि लसींच्या निमित्ताने तरी वर्षभर आधी विचार सुरू होतो. नेपाळला जाताना तिकिटे काढली, टी-शर्ट छापून घेतले, दोन नाटुकल्या बसवल्या, गाणी ठरली, की तयारी झाली असे वाटते.

माझ्या मते खरी तयारी निघण्याच्या कितीतरी महिने आधी एका पत्राने सुरू होते. जिथे जायचे तिथल्या पाळकांना लिहायचे : आम्हाला तुमच्याकडे यायची इच्छा आहे, यावे का? यंदा तुमच्या मंडळीत कोणते काम चालू आहे? त्यात बाहेरच्या माणसांचा हात लागण्यासारखे काही आहे का? किती जण आलो तर तुमच्यावर भार पडणार नाही? कोणता महिना बरा? ‘आम्ही मे महिन्यात पंधरा जण येतोय, चालेल ना?’ असे विचारले तर उत्तर ठरलेलेच असते. पाहुण्याला नको म्हणणे नेपाळी घरात जड जाते, आपल्या घरातही जातेच. त्यात येणाऱ्या गटाबरोबर थोडी देणगी येण्याची शक्यता असली की छोट्या मंडळीच्या पाळकांना नकार देणे आणखी अवघड होते. म्हणून प्रश्न असा असावा की ‘यंदा नको’ हे उत्तर त्यांना संकोच न बाळगता देता येईल, आणि तसे उत्तर आले तर ते प्रार्थनेचे उत्तर मानून थांबायची आपली तयारी असावी.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सत्तर जणांना दोघा-दोघांनी पाठवले, तीसुद्धा थोड्या दिवसांचीच कामगिरी होती. ती माणसे गेली, परत आली आणि काय घडले ते त्यांनी सांगितले. त्यांना दिलेल्या सूचना पाहा. थैली नको, घरे बदलत फिरू नका, पुढे वाढतील ते खा. साऱ्या सूचना त्यांना यजमानाच्या आधाराने राहायला लावणाऱ्या आहेत. आपल्या आजच्या गटांची रचना नेमकी उलटी असते : आपले जेवण, आपला स्वयंपाकी, आपली गाडी, आपला ध्वनिवर्धक आणि आपलाच कार्यक्रम. ज्याला यजमानाकडून काहीच लागत नाही तो माणूस यजमानाच्या घरात शिरतच नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपण दोनशे वर्षे यजमान होतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना राहू द्यायला नकार दिला होता. परवानगीसाठी बरेच दिवस झगडावे लागले. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परत गेले. हॉल राहिले, मराठी शिकले, मराठीत लिहू लागले, आणि १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने गेले. नाशिक भागात साथ चालू होती आणि जवळची औषधे त्यांनी रोग्यांना देऊन टाकली होती. आपण आदराने आठवतो ती माणसे अशी आयुष्य घालवलेली आहेत. दहा दिवसांच्या भेटीला त्यांच्या पंगतीत बसवण्याची घाई कोणी करू नये.

पण आपल्याच इतिहासात थोड्या दिवसांच्या पाहुण्यांचीही एक गोष्ट आहे, आणि ती या पुस्तकाच्या वाचकांनी जास्त लक्ष देऊन वाचावी. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे सचिव रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी थॉम्प्सन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानातल्या मिशनांची पाहणी करायला आले. मुंबई, अहमदनगर, सातारा करून ते पुढे दक्षिणेत गेले. मंडळी स्वावलंबी असावी, तिचा कारभार तिनेच चालवावा आणि सुवार्तेचा प्रसारही तिनेच करावा, हा अँडरसन यांचा आग्रह होता. त्यांच्या भेटीच्या काळातच अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी मंडळ्यांना मराठी पाळक मिळाले, ही त्या दौऱ्याची मोठी देणगी आहे. त्याच दौऱ्यात इंग्रजीतून चालणाऱ्या शाळांवरचा भर कमी करण्याचेही ठरले. त्यावरून पुढे हिंदुस्थानातच नव्हे, अमेरिकेतही वाद झाला. पाहणीला आलेली माणसे बोटीने परत गेली. शाळांचे काय करायचे आणि पालकांना काय सांगायचे हे राहिलेल्यांना सोसावे लागले. अँडरसन यांचा हेतू चांगला होता आणि अभ्यासही दांडगा होता. तरीसुद्धा काही महिन्यांच्या मुक्कामात घेतलेल्या निर्णयांचे परिणाम त्यांच्यामागे कित्येक वर्षे इथल्या माणसांनी निभावले. ज्यांनी हे सोसले त्यांची आपण पणतवंडे आहोत. दुसऱ्याच्या मंडळीत शिरताना आपल्याला हे जास्त ठाऊक असायला हवे.

आता नेपाळच्या मंडळीविषयी. ती कोणी बाहेरून आणून ठेवलेली नाही. अठराव्या शतकात काठमांडूच्या खोऱ्यात कपुचिन धर्मगुरू होते. पृथ्वीनारायण शाहांनी १७६९ मध्ये त्यांना घालवले, आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडलेली नेवार ख्रिस्ती कुटुंबे बिहारमध्ये बेतियाजवळच्या चुहडी गावी वसली. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे नेपाळची दारे बंद राहिली. या काळात सीमेबाहेर, मुख्यतः दार्जिलिंगला, नेपाळी माणसांनीच नेपाळी मंडळी उभी केली. काठमांडूत जन्मलेले गंगाप्रसाद प्रधान दार्जिलिंगला ख्रिस्ती झाले, पाळक झाले, आणि त्यांच्या आयुष्यभराच्या कष्टातून १९१४ मध्ये संपूर्ण नेपाळी बायबल छापून निघाले. त्याच वर्षी ते आपले कुटुंब आणि सोबती घेऊन मायदेशी परतायला निघाले, तर राणा सरकारने त्यांना परत पाठवले. ख्रिस्ती माणसाला नेपाळात जागा नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

गोरखपूरहून सोनौलीला जाताना अलीकडे नौतनवा लागते. रेल्वेचे शेवटचे स्टेशन. लिली ओ'हॅन्लन या डॉक्टर आणि त्यांच्या सहकारी हिल्डा स्टील या गावात राहून दवाखाना चालवत होत्या आणि नेपाळ उघडण्याची वाट पाहत होत्या. त्यांच्यासोबत नेपाळी विश्वासणारेही होते. १९५१ मध्ये राणांची सत्ता गेली, आणि १९५२ च्या अखेरीस परवानगी मिळाल्यावर हा गट डोंगर चढून पायी पोखऱ्याला पोहोचला. तिथे त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये रुग्णालय सुरू केले. उन्हात ते पत्रे चमकत, म्हणून लोक त्याला चमकणारे रुग्णालयच म्हणू लागले. पोखऱ्याच्या रामघाटची मंडळी दार्जिलिंगकडून आलेल्या डेव्हिड मुखिया यांनी सांभाळली. आपली गाडी नौतनव्याहून पुढे जाते तेव्हा गटातल्या कोणीतरी ही हकिगत सर्वांना सांगावी. वर्षानुवर्षे सीमेच्या अलीकडे बसून राहणे हीदेखील सेवा होती, आणि आज आपण ती सीमा अर्ध्या तासात ओलांडतो ती त्या माणसांच्या मागून.

नेपाळातल्या तानसेन गावच्या रुग्णालयाची गोष्टही तशीच आहे. मसुरीच्या वूडस्टॉक शाळेतले शिक्षक रॉबर्ट फ्लेमिंग १९४९ मध्ये पक्ष्यांचा अभ्यास करायला त्या भागात गेले होते. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. बेथेल फ्लेमिंग यांनी तिथे काही काळ रोगी तपासले, लोकांनी दवाखान्याची मागणी केली, सरकारशी बोलणी झाली आणि १९५४ मध्ये युनायटेड मिशन टु नेपाळ स्थापन झाले. आधी ओळख, मग मागणी, मग परवानगी, मग काम, असा तो क्रम होता. काम सरकारच्या अटींवर होते आणि मिशनने त्या अटी मान्य केल्या होत्या.

प्रचाराची आणि बाप्तिस्म्याची किंमत मात्र नेपाळी माणसांनी दिली. १९६० मध्ये तानसेनला बाप्तिस्म्याच्या प्रकरणात डेव्हिड मुखिया आणि नव्याने विश्वासात आलेले लोक पकडले गेले. १९९० पर्यंत नेपाळात अनेक विश्वासणाऱ्यांनी तुरुंग पाहिला. आज २०२१ च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे पाच लाख बारा हजार ख्रिस्ती आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या पावणेदोन टक्के. बहुतेक मंडळ्या पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीच्या आहेत. समोर बसलेल्या आजोबांनी कदाचित विश्वासासाठी घर सोडलेले असेल. आपल्यासारख्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या ख्रिस्ती मुलांनी अशा मंडळीत जाऊन पहिल्याच दिवशी साक्ष देण्यासाठी मंचावर उभे राहण्यापेक्षा त्यांची साक्ष ऐकायची तयारी करून जावे. ऐकण्याची तयारी करावी लागते. काय विचारावे, किती विचारावे, कुठे गप्प बसावे, याचा या पुस्तकात एक वेगळा भाग आहे आणि तो मला सगळ्यांत उपयोगी वाटतो.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेचे २६ वे कलम धर्माचे पालन करण्याचे स्वातंत्र्य देते, पण दुसऱ्याचे धर्मांतर करायला मनाई करते. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या १५८ व्या कलमाखाली धर्मांतर करण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर पाठवतात. भारतीयांना व्हिसा लागत नसला तरी या कलमापुढे आपण परदेशीच आहोत. हा कायदा मला न्याय्य वाटत नाही, आणि ते मी उघड म्हणते. पण पर्यटक म्हणून शिरायचे, चौकात पत्रके वाटायची, व्हिडिओ काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडून निघून यायचे, याला धैर्य म्हणता येणार नाही. चौकशी नंतर होते, आणि ती ज्या घरात आपण राहिलो त्या घराची होते. पत्रक वाटावे की नाही, कुठे गावे, कोणाशी काय बोलावे, हे सर्व यजमान पाळकांनी ठरवायचे. आपल्या आवेशाने नव्हे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानच्या उत्तर सेंटिनेल बेटावर मारला गेला. त्याने वर्षानुवर्षे तयारी केली होती : भाषाशास्त्राचे वर्ग, प्रथमोपचाराचे शिक्षण, लसी, एकांतवास. त्याच्या प्रीतीवर मला शंका नाही. पण ज्यांच्याकडे जायचे त्यांची इच्छा नव्हती, आणि तिथे जायला कायद्याने बंदी होती. बाहेरच्या साध्या रोगाने ती सगळी जमात नाहीशी होऊ शकते, म्हणून तो कायदा आहे. त्याला बोटीने नेणाऱ्या मच्छीमारांना अटक झाली. कसून केलेली तयारीसुद्धा यजमानाच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही, याचे इतके दुःखद उदाहरण दुसरे नसेल.

उलट बाजूही लक्षात असू द्या. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतली मुले उन्हाळ्यात गटाने आजोळच्या मंडळीत सेवेला येतात. ओसीआय कार्ड असले तरी धर्मप्रचाराच्या कामासाठी २०२१ पासून भारत सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि पर्यटक व्हिसावर तर असे काम करताच येत नाही. आपल्या मामा-मावशीच्या मंडळीला अडचणीत आणायचे नसेल तर हे विमानात बसण्याआधी पाहावे.

पैशाचा विषय आपल्याकडे अवघडल्यासारखा टाळला जातो, तो या पुस्तकात टाळलेला नाही हे मला आवडले. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतून अनेक गट घरे बांधायला गेले. तिथेच राहून काम करणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर त्या घरांचा आणि त्या गटांचा अभ्यास केला. एक घर स्थानिक लोकांनी बांधले तर साधारण दोन हजार डॉलर लागत. गटाचा प्रवास आणि घर मिळून खर्च तीस हजारांच्या घरात जाई. घर कोणी बांधले यावरून त्या कुटुंबांच्या आयुष्यात फरक दिसला नाही, आणि परत गेलेल्या स्वयंसेवकांच्या दानधर्मातही टिकणारा मोठा बदल आढळला नाही. भूकंपानंतर नेपाळातही बाहेरचे गट विटा उचलायला गेले. गोरखा आणि सिंधुपाल्चोक जिल्ह्यांतले गवंडी त्या वेळी काम शोधत होते. आपल्या गटाने तिकिटांची रक्कम एका कागदावर लिहावी आणि यजमान पाळकांना ती दाखवून विचारावे, की आम्ही यावे की हे पाठवावे. प्रश्न मनापासून विचारला तर दोन्ही उत्तरे स्वीकारता आली पाहिजेत.

इव्हान इलिच या कॅथलिक विचारवंताने २० एप्रिल १९६८ ला मेक्सिकोत, सुट्टीत सेवा करायला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या सभेत त्यांना तोंडावर सांगितले, की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. ते भाषण आजही वाचणाऱ्याला बोचते, आणि बोचावे. तरी मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. एका देशातल्या विश्वासणाऱ्याने दुसऱ्या देशातल्या विश्वासणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याबरोबर जेवणे, प्रार्थना करणे, त्याचे दुःख जाणणे, याचे मोल कामाच्या हिशेबात मावत नाही. पौलाच्या पत्रांच्या शेवटी कोण कोणाकडे निघाला आहे आणि कोणाला सांभाळून घ्या, याच्या नावानिशी याद्या आहेत. त्या काळच्या मंडळ्या या येण्याजाण्यावरच एकमेकींशी जोडलेल्या होत्या. पण मग भेटीला भेटच म्हणावे. तिच्यावर भिंत रंगवण्याचे किंवा दोन दिवसांच्या शिबिराचे काम चिकटवून तिला सेवा ठरवण्याची गरज नाही.

मुलांच्या बाबतीत मी कडक आहे. नेपाळच्या अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई-वडील, निदान दोघांतले एक, हयात असतात. शिक्षणाचे आमिष दाखवून दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून मुले काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या ठिकाणी आणली जातात, कारण तिथे पाहुणे येतात आणि पैसे देतात. आपण अनाथालयात एक दुपार घालवून खाऊ वाटतो तेव्हा मुलांना घरापासून तोडणाऱ्या या व्यवहाराला नकळत हातभार लावतो. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती गटातले दहा जण तेहतीस मुलांना सीमेपलीकडे नेताना पकडले गेले. ती मुले अनाथ असल्याचे ते सांगत होते, आणि पुढे कळले की बहुतेकांचे पालक जिवंत होते. म्हणून नियम असा : अनाथालयाची भेट कार्यक्रमात नको. सुट्टीतली बायबल शाळा घ्यायची असेल तर ती त्या मंडळीच्या संडे स्कूलच्या शिक्षिकांनी घ्यावी आणि आपण त्यांच्या हाताखाली काम करावे. मुलाबरोबर आपल्यातले कोणी एकटे राहू नये, आणि मुलांचे फोटो आपल्या मोबाइलवर, आपल्या पानावर जाऊ नयेत. गटात निघणाऱ्या प्रत्येकाने हे लिहून सही करून द्यावे.

औषधांबद्दल मी नर्स म्हणून थोडे बोलते. मिशन हॉस्पिटलात आयुष्य गेल्यामुळे मोफत शिबिरांचे आकर्षण मला समजते. पण एका दिवसाच्या शिबिरात रक्तदाबाच्या गोळ्या दहा दिवसांच्या दिल्या आणि अकराव्या दिवशी तो माणूस कुठे जाणार हे ठाऊक नसले, तर आपण त्याचे काही भले केलेले नाही. आपल्या डॉक्टरांना तिथे रोगी तपासायचे असतील तर नेपाळ मेडिकल काउन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. पोहोचल्यावर मुदतीचे निदान वर्ष शिल्लक नाही अशी औषधे दान करू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. आपल्या कपाटातल्या उरलेल्या पट्ट्या गोळा करून नेण्याची पद्धत त्यात बसत नाही. जवळच्या आरोग्य चौकीतल्या लोकांना काय हवे ते विचारून त्यांच्याच देखरेखीखाली काही करता आले तर करावे. नाहीतर शिबिर रद्द करावे आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

प्रवासाच्या गोष्टी पुस्तकात सविस्तर आहेत, त्यांतल्या थोड्याच इथे. आधार कार्डावर विसंबू नका. विमानाने जाणाऱ्या प्रौढांकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र हवे. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात, पण कोणत्या नोटा चालतात याचे नियम बदलत असतात, ते निघण्याच्या आठवड्यात विचारा. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते दिवस-दिवस बंद राहतात, आणि आषाढात रोवणी चालू असताना खेड्यातल्या यजमानाला पाहुण्यांसाठी वेळ नसतो. आपली दिवाळीची सुट्टी तिथल्या तिहारात येते, त्याआधी दसैं. त्या दिवसांत सगळा देश आपापल्या गावी निघालेला असतो. सकाळचे जेवण दहाच्या आसपास होते, दालभात, आणि पुढचे पोटभर जेवण एकदम संध्याकाळी. मधल्या वेळेत भूक लागली तर यजमानीणबाईंना चुलीपाशी परत बसवू नका. जवळ चणे-शेंगदाणे ठेवा.

उपासनेत चपला बाहेर काढून बहुतेक ठिकाणी जमिनीवर बसतात, बाया एकीकडे आणि पुरुष एकीकडे. अभिवादन ‘जयमसीह’. मादल या ढोलाच्या तालावर नेपाळी भजने सुरू झाली की आपल्या गिटारवाल्यांनी गिटार पेटीतच राहू द्यावी. भजन-कीर्तनाने उपासना करायला आपल्याला ना. वा. टिळकांनी शिकवले, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या त्या कवीने मराठी मंडळीला तिच्या मातीतला सूर दिला. त्यामुळे परक्या मंडळीचा स्वतःचा सूर आपल्याला इतरांपेक्षा लवकर ओळखता आला पाहिजे. त्यांनी आग्रह केला तर टिळकांचे एखादे पद म्हणा, अर्थ सांगा आणि बसा. देवनागरी असल्यामुळे आपल्याला नेपाळी बायबल पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचता येते. त्याचा आनंद घ्या, पण वाचता येते म्हणून समजते असे समजू नका. दुभाषा लागतोच, आणि तो त्यांच्या मंडळीतला असावा.

परत आल्यावर मंडळीपुढे अहवाल द्यावा लागतो, त्याची तयारीसुद्धा जाण्याआधीच करायची. ज्या माणसांविषयी आपण बोलणार त्यांच्यापुढे तेच शब्द उच्चारता येतील का, ही कसोटी लावावी. ‘बिचारे किती गरीब, पण किती आनंदी’ हे वाक्य आपल्याकडच्या अहवालांत इतके येते की ते ऐकले की मला त्या यजमान घरातल्या बाईंचा चेहरा आठवतो, ज्यांनी पाहुण्यांसाठी उसने तांदूळ आणलेले असतात. कोणी बाप्तिस्मा घेतला, कोण कुठे राहते, हे व्यासपीठावरून किंवा मोबाइलवरून सांगू नका. १५८ वे कलम वाचून झालेले असेल तर कारण सांगायला नको. जमल्यास पुढच्या वर्षीच्या खर्चात त्या पाळकांना आपल्याकडे बोलावण्याची तरतूद करा, आणि ते आले की त्यांना उपदेशाला उभे करा.

शेवटी एक सूचना, जी या पुस्तकाच्या कर्त्यांनी माझ्या आग्रहावरून घातली. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे असतात, कोकणातल्या मच्छीमार नौकांवर नेपाळी खलाशी असतात, मुंबई-पुण्यात सोसायट्यांच्या फाटकांवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत नेपाळी तरुण काम करतात. अछाम, बझाङ अशा सुदूर पश्चिमेच्या डोंगरी जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे इकडे कमवायला येत आली आहेत. ज्या देशात सेवेला जायचे म्हणून आपण पैसे जमवतो, त्या देशातले लोक आपल्या गल्लीत राहतात आणि आपल्याला त्यांची नावे माहीत नसतात. पाळकांना पत्र लिहिण्याआधी, गटाचा पुढारी ठरवण्याआधी, त्यांच्याकडे जा. त्यांना उपदेशाच्या सरावाचे साधन करू नका. त्यांचा पगार वेळेवर होतो का, मुलांचा शाळेत दाखला झाला का, आजारपणात कोण पाहते, हे विचारा आणि त्यात आपल्या मंडळीला काही करता येईल ते करा. गावाकडे काही पोहोचवायचे आहे का तेही विचारा. पुस्तकाच्या अखेरीस दिलेली नेपाळी वाक्ये अशाच मित्रांनी तपासून दिली आहेत. ती कागदावरून पाठ न करता त्यांच्या तोंडून ऐकून शिका, आणि शिकवल्याबद्दल त्यांना घरी जेवायला बोलवा.